रेस अडकली होती

आमच्या घरात एक भांडण नऊ वर्षं चाललं. बाकीची भांडणं व्हायची, दोन दिवस तोंडं वाकडी राहायची आणि मिटायची. हे काही मिटत नव्हतं. आप्पा म्हणायचे, "रेस अडकली होती." आई म्हणायची, "रेस बिस काय अडकली नाय. तुम्हाला गाडी उडवायची हौस आली होती." जेवताना, पाहुण्यांसमोर, सोयऱ्यांच्या लग्नाच्या मांडवात, कुठंही. एकदा तर माझ्या नोकरीचे पेढे वाटताना झालं. दोघंही आता नाहीत, म्हणून हे लिहायला बसलोय. आप्पा असते तर त्यांनी लिहू दिलं नसतं.

आप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. गाव सुटलं, शेती भावांकडं राहिली आणि आम्ही शहरात, पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधून राहिलो. त्यांची एकच चैन होती, ती म्हणजे फटफटी. माझ्या जन्माच्याही आधीची, साडेतीनशे सीसीची, काळी, अंगानं दणकट, टाकीवर सोनेरी पट्टा. आप्पांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती, पण ठेवायचे अशी की लोक थांबून बघायचे. तिचे आरसे पुसायला त्यांचं वेगळं फडकं होतं आणि त्या फडक्याला आम्ही हात लावला की ओरडा बसायचा.

आईचं माहेर देवगाव रंगारीचं. मी बारा वर्षांचा असताना, संक्रांत झाल्यावर, दोघं या गाडीवर देवगावला गेले. येताना पडेगावच्या अलीकडं उसाचा ट्रक आडवा आला. आडवा म्हणजे पुढं. त्यातून चिपाडं उडत होती, धूर तोंडावर येत होता. आप्पांनी रेसची मूठ पूर्ण पिळली आणि ट्रकच्या पुढं निघाले. पुढं रस्त्यावर म्हशी. आप्पांनी मूठ सोडली, पण गाडीचा जोर काही कमी होईना. ते सांगायचे, "मी मूठ सोडली, पण ती परत आलीच नाही. गाडी आपली ओढतीच आहे. क्लच दाबायचं सुचलं तोवर आम्ही खाली होतो." म्हशी वाचल्या. आप्पांचा गुडघा गेला आणि आईचं उजवं मनगट मोडलं. ते बसलं ते वाकडंच बसलं. तेव्हापासून ती डाव्या हातानं भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरी थापताना तिला तो दिवस आठवायचा. आठवला की बोलायची.

गाडी टेम्पोत घालून आणली आणि जिन्याखाली उभी केली. वर गोणपाट टाकलं. ती दुरुस्त करायचं नाव आईनं काढू दिलं नाही. आप्पांच्या मागं पुन्हा बसायचीही नाही, असं तिनं दवाखान्यातच सांगून टाकलं होतं. नंतर लूना घेतली आप्पांनी, तर तिच्यावरही नाही. लग्नाला जायचं तर आप्पा लूनावर पुढं आणि आई मागून रिक्षात. रिक्षातून उतरली की पहिलं वाक्य, "आले बाई जिवंत."

मला चिकलठाण्याला कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी आप्पांना म्हणालो, "ती फटफटी मी काढू का? डबडं करून टाकलंय जिन्याखाली." मला वाटलं, खूश होतील. ते गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "काढ. पण एक काम करशील? मूठ का अडकली ते शोधून काढ. तिला दाखव. माझ्या हातानं तिचा हात मोडला असं तिच्या डोक्यात बसलंय. तसं नव्हतं रे. तेवढं एक मला सिद्ध करून दे, मग गाडी तुझी."

मी म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना?" आयटीआय झालेला पोरगा होतो, अंगात मस्ती होती. मूठ म्हणजे काय, एक नळी, एक केबल, एक स्प्रिंग. एका रविवारचं काम. त्या एका रविवारानं माझे चार रविवार खाल्ले.

पहिल्या रविवारी गोणपाट काढलं. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, सोनेरी पट्ट्यावर कोळ्याची जाळी. मूठ पिळायला गेलो तर हलेना. दोन्ही हातांनी धरली, पाय गाडीच्या पायदानाला लावून जोर केला, तरी हलेना. मी मोठ्यानं ओरडलो, "आप्पा, जाम आहे! पूर्ण जाम!" आप्पा लंगडत आले, चेहरा उजळलेला. मागून आई आली, पदराला हात पुसत. तिनं मुठीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नऊ वर्षं उभी आहे. जाम नाय होणार तर काय नाचंल?" आणि आत गेली.

खरं होतं. आता जाम असून उपयोग नव्हता. तेव्हा जाम होती का, हे शोधायचं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण काय गळ्यात बांधून घेतलंय.

मुठीचं रबर निघेना. ब्लेडनं कापून काढलं तर बोट कापलं. खालची नळी दांड्याला गंजून चिकटली होती. रॉकेल ओतलं, फडकं गुंडाळून ठेवलं, दोन दिवस वाट बघितली, पुन्हा ओतलं. बाजूच्या कव्हरचा स्क्रू फिरवायला गेलो तर त्याची खाचच उडाली. च्यायला, त्या एका स्क्रूवर मी अख्खी एक दुपार घालवली. शेवटी छिन्नीनं ठोकून काढला तेव्हा घामानं डोळ्यांत काही दिसत नव्हतं. समोरचे एक रिटायर गृहस्थ कठड्याला टेकून सूचना देत होते. "ग्रीस लाव." लावलं. "आता पूस." का? "जास्त झालं." मनात म्हटलं, काका, तुम्ही आत जा आणि चहा प्या.

नळी सुटली. आत बघितलं तर लालभडक गंज, पण तो जिन्याच्या पन्हाळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा. वरून खाली ओघळ स्पष्ट दिसत होता. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "हा गंज तेव्हाचा असेल?"

"नाही आप्पा. हा नंतरचा आहे."

"म्हणजे हे नव्हे."

"हे नव्हे."

त्यांनी खुर्ची उचलून आत नेली. पण पुढच्या रविवारी ते माझ्याआधी उठून खुर्ची टाकून बसलेले होते.

दुसरा आणि तिसरा रविवार कार्बोरेटरनं घेतला. आत जुनं पेट्रोल वाळून हिरवट खडे झाले होते. मुठीला जो तुकडा वरखाली करायचा असतो, तो स्लाइड, त्या खड्यांत चिणून बसला होता. काढला, धुतला, घासला. स्प्रिंग तपासली. साफ केल्यावर स्लाइड आपल्या वजनानं खाली पडायला लागला, छान, गुळगुळीत. मला आनंद व्हायला हवा होता. पण आप्पांनी तो हातात घेऊन उन्हात फिरवून बघितला आणि विचारलं, "याला ओरखडा वगैरे? कुठं अडकेल असं?"

"काहीच नाही. नव्यासारखा आहे."

"नीट बघ की."

"बघितलं, आप्पा."

"स्प्रिंग ढिली असेल."

"नाही."

माझी पंचाईत अशी, की जो भाग नीट निघेल तो आप्पांच्या विरोधात साक्ष द्यायचा. मी एकेक तुकडा चांगला करत होतो आणि ते एकेक पायरी खाली उतरत होते. आई मधूनच दारात येऊन उभी राहायची, नुसती उभी राहायची. ते तिच्या बोलण्यापेक्षा जड जायचं.

टायर, सीट नवी घातली आणि सगळं परत जोडलं. मूठ पिळली. आता ती फिरली, पण दगडासारखी घट्ट, आणि पिळली की पिळलेलीच राहिली. सोडून दिली तरी तिथंच. हातानं मागं ढकलावी तेव्हा कशीबशी मागं आली.

आप्पा खुर्चीवरून एकदम उठले. गुडघ्याचं भानही नाही. "बघ! बघ! अशीच! अगदी अशीच झाली होती त्या दिवशी! अगं, बाहेर ये! ये, बघ!"

आई आली. आप्पांनी तिला मूठ पिळून दाखवली, सोडून दाखवली, पुन्हा पिळून दाखवली. एखादा पोरगा शाळेतलं बक्षीस दाखवतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. आईनं बघितलं आणि म्हणाली, "केबल गंजली असंल. सारी गाडीच गंजलीय."

"केबल गंजणार नाही!" आप्पा चिडले. "दर खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी ती तेलात ठेवायचो. गाडी पडेपर्यंत एक साल चुकलो नाही. तिला गंज कसा धरेल?"

ते खोटं नव्हतं. मला आठवत होतं. मुठीपाशी केबलचं टोक सोडवायचे, त्या टोकाभोवती कणकेची छोटी वाटी थापायचे आणि त्यात मशीनचं काळं तेल भरायचे. रात्रभर ते थेंबथेंब केबलमध्ये झिरपायचं. दुसऱ्या दिवशी गाडीला हळद-कुंकू, झेंडूचा हार, लिंबू, नारळ. पूजा झाली की केबल परत जोडायचे. कणकेसाठी आईची मिनतवारी करायचे, म्हणून लक्षात राहिलं.

तरी केबल चालेना हे खरं होतं. रॉकेल घातलं, पेट्रोल घातलं, खुंटीला टांगून आठवडाभर ठेवली. आतली तार एक इंच सरकायची आणि थांबायची. माझे हात टेकले. चौथ्या रविवारी सरळ बाजारात गेलो, नवी केबल आणली आणि टाकली. मूठ पिळली, सोडली. टक्‌ करून जागेवर! पुन्हा पिळली, टक्‌! मी हसत आप्पांकडं बघितलं. ते हसत नव्हते.

"ही झाली नवी," ते म्हणाले. "जुनी का अडकली?"

"जुनी जुनी झाली म्हणून अडकली."

"हे उत्तर नाही."

"आप्पा, गाडी चालू झाली ना?"

"गाडीचं कोण विचारतंय? मी तुला एकच काम सांगितलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार रविवार, कापलेलं बोट, नखांत महिनाभर न निघणारं काळं, आणि वर हे. मी पाना फरशीवर आपटला. "तुम्हाला गाडी पाहिजे का कोर्टात केस लढायचीय? नऊ वर्षं झाली! असाल तुम्ही जोरात! ट्रकच्या पुढं जायची घाई झाली असेल! होतं माणसाकडून! काय फरक पडतो आता?"

आई आत होती. तिनं ऐकलं असणार. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्या दोन माणसांच्या भांडणात मी आजवर कुणाच्याच बाजूनं बोललो नव्हतो. पहिल्यांदा बोललो आणि ते असं.

"फरक पडतो," एवढंच म्हणाले आणि लंगडत आत गेले. खुर्ची तिथंच राहिली.

तो आठवडा फार वाईट गेला. ते माझ्याशी नीट बोलत होते, त्याचाच जास्त त्रास होत होता. डबा घेतलास का, पाऊस येईल, रेनकोट घे, असलं. गाडीचा विषय नाही. जेवताना आईनं सवयीनं हाताचं काही काढलं तर ते नेहमीसारखं "रेस अडकली होती" म्हणाले नाहीत. आईनंही चमकून बघितलं. मला स्वतःच्या जिभेचा संताप आला. तिला काही हाडच नाही.

शनिवारी कंपनीतून सुटलो आणि जुनी केबल पिशवीत घालून तडक शहागंजच्या मागं गेलो. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, फक्त जुन्या गाड्या करायचे. नव्या गाडीला हात लावत नसत. त्यांच्यासमोर केबल टाकली आणि म्हणालो, "चाचा, ही का अडकली एवढं सांगा. बाकी काही नको."

त्यांनी केबलची तार ओढून बघितली, ढकलून बघितली. "नवी डाल ली ना? तो इसको फेंको, मियाँ."

"फेकायची नाही. का अडकली ते पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. असलं गिऱ्हाईक त्यांना मिळालं नसावं. पण हातातलं काम बाजूला ठेवलं, केबल शिकंज्यात धरली आणि वरचं आवरण लांबीनं कापत नेलं. मी वाकून बघत होतो. गंज निघाला असता तर आईचं खरं होतं आणि सगळं संपलं होतं.

गंज नव्हताच. तार स्वच्छ होती. तिच्याभोवती तपकिरी, चकचकीत, डिंकासारखं काहीतरी थरावर थर बसलं होतं. मिस्त्रींनी ते नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, वास घेतला आणि हसले.

"ये जंग नक्को समझो. ये तो रोगन है रोगन. करडी का तेल. हमारे दादा लोग दरवाजों को यईच लगाते थे. सूखा तो जाता नहीं. किसने डाला?"

"आम्ही मशीनचं घालायचो."

"मशीन का नहीं है. खाने का है. बरसों डाला है किसीने, परत पे परत."

मी जीव मुठीत धरून विचारलं, "हे गाडी उभी राहिल्यावर झालं की आधी?"

"आधीच. खडी रहके सूखा, लेकिन जमा पहले से था. देखो, रोज थोडी रेस पे चलाते होंगे, तार उतनीच फिरती. एक दिन पूरी खींची, तो तार जाके चिकट में फँस गई. फिर स्प्रिंग का बाप भी वापस नहीं लाता."

आप्पा रोज सायकलच्या वेगानं ऑफिसला जायचे. पूर्ण मूठ त्यांनी बहुतेक त्या एकाच दिवशी पिळली होती. मला नाचावंसं वाटलं. मिस्त्रींचे हात धरले, त्यांना काही कळेना. करडईचं तेल त्यात कुठून आलं हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही. कुणीतरी दुकानदारानं भेसळीचं तेल मारलं असेल, असं समजून मी मोकळा झालो. रेस अडकली होती. माझा बाप खरं बोलत होता, नऊ वर्षं खरं बोलत होता, आणि मी त्याला तोंडावर खोटं पाडलं होतं. पुंडलिकनगर येईपर्यंत मी सायकल अशी हाणली की विचारू नका.

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी फाटकातूनच ओरडलो, "आप्पा! अडकली होती! खरंच अडकली होती!" आणि कापलेली केबल त्यांच्यासमोर धरली. "बघा, आत गंज नाहीच. डिंक झालाय तेलाचा. वर्षानुवर्षांचा. पूर्ण मूठ पिळली की तार यात रुतणार आणि परत येणारच नाही. मिस्त्री म्हणाले. माफ करा मला."

आप्पा उठून उभे राहिले. पेपर खाली पडला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज एकदम खणखणीत. "अगं ए! बाहेर ये! ऐक काय म्हणतोय तो!"

आई हाताला पीठ लागलेलं तशी बाहेर आली. मी पुन्हा सगळं सांगितलं. तिनं केबल बघितली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तेलाचा डिंक? कसला डिंक? उगं काय बी सांगू नको."

"अगं आई, हा बघ की—"

"माझ्या तेलाचा डिंक व्हय? बाजारचं भेसळीचं तेल होतं का ते? माझ्या माहेरचं, घाण्याचं, करडीचं तेल. दिव्यात घालतो तेच. ह्यांचं ते काळं, जळक्या वासाचं! पूजेच्या दिवशी देवाला कुणी तसलं घालतं का? हे तेल भरून हात धुवायला गेले की मी ती वाटी रिकामी करायची अन् आपलं शुद्ध तेल भरायची. दरसाल. ह्यांना पत्ता बी नाय. त्याच्यामुळं तर एवढी वर्षं नीट चालली ती गाडी. डिंक म्हणे!"

तिच्या आवाजात अभिमान होता. एवढी वर्षं गुपचूप केलेली सेवा आज सांगायला मिळाली होती.

मी आप्पांकडं बघितलं. ते आईच्या वाकड्या मनगटाकडं बघत होते, पिठानं माखलेल्या.

"आई," मी म्हणालो, "अगं, तेच तर—"

"तू गप बस," आप्पा म्हणाले.

"पण आप्पा, मिस्त्री म्हणाले की करड—"

"मिस्त्रीला काय कळतंय? गप बस म्हटलं ना!" असे ते माझ्यावर आयुष्यात दोन-तीनदाच ओरडले असतील. त्यांनी माझ्या हातातून केबल घेतली, नखानं थोडं खरवडलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाले, "उभ्या गाडीत होतं असं. पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकटा राहतो."

केबलमध्ये पेट्रोल नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"तेलाचं काही नाही त्यात," ते आईला म्हणाले. "तेल चांगलंच होतं तुझं. आणि ऐक. त्या दिवशी मी जोरातच होतो. ट्रकच्या पुढं जायची घाई केली. रेस बिस काही अडकली नव्हती."

मला वाटलं, आता आई डाफरणार. मग, मी काय म्हणत होते, असं म्हणणार. पण ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि पीठ लागलेल्या हातांनीच डोळे पुसायला लागली.

"नऊ वर्षं लागली व्हय हो एवढं म्हणायला?" ती म्हणाली. "हाताचं काय नव्हतं मला. हात काय, मोडतो माणसाचा. पण तुम्ही कबूल करत नव्हता, त्याचा लई राग होता." मग नाक ओढून म्हणाली, "उद्या रविवार आहे, देवगावला जाऊ. मी बसते मागं. पण ट्रक आला तर त्याच्या मागं मागंच चालायचं."

"मागं मागंच," आप्पा म्हणाले.

ती भाकरी करायला आत गेली आणि मी आप्पांना जवळजवळ ओढत फाटकाबाहेर नेलं. रागानं मला नीट बोलता येत नव्हतं. "हे काय केलंत? चार रविवार मी काय गवत उपटत होतो? हातात पुरावा होता! तुम्ही खरे होतात!"

"होतो ना," ते म्हणाले. "तुला कळलं, मला कळलं. बास झालं."

"आणि तिला?"

"तिला काय सांगू? तुझा हात तूच मोडलास म्हणून? माझ्यामुळं मोडला असं वाटत होतं तोवर तिला मला बोलता येत होतं. आता ती कुणाला बोलेल?"

मला ते पटलं नाही. माझा संताप पुढं कित्येक दिवस गेला नाही. आप्पांनी केबलची गुंडाळी करून माझ्या खिशात कोंबली, लांब कुठं तरी टाकून ये म्हणाले. मग म्हणाले, "आणि येत्या खंडेनवमीला ती तेल घालेल. घालू दे. दसरा झाला की गुपचूप नवी केबल टाकायची. दरसाल. विसरायचं नाही."

रविवारी दोघं फटफटीवर देवगावला जाऊन आले. पोचायला एवढा वेळ लागला की मामांनी शेजारी फोन करून विचारलं, निघालेत का म्हणून.

दर खंडेनवमीला आईनं घाण्याचं तेल घातलं आणि दसऱ्यानंतरच्या एकादशीला, ती देवळात गेली की, मी ती केबल काढून नवी टाकली. शिव्या घालत टाकली, खोटं कशाला सांगू. धडधाकट केबल फेकून देताना जीव जळायचा आणि आप्पा खुर्ची टाकून बघत बसायचे.

आप्पा गेले तेव्हा भेटायला बायका आल्या होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती. मी दारात होतो. ती त्यांना सांगत होती, "माणूस लई चांगला होता बाई. जन्मात एकच चूक केली, ती बी शेवटी कबूल केली." अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. बायकांनी माना हलवल्या, आणि मी चहाचं बघायला आत गेलो.